नाटक गावाचं, मग आपला वाटा कुठे?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



धान घरात आलं, दिवाळी झाली की आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडई भरते, रात्री नाटक लागतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, ही आपली झाडीपट्टी. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पण नाटक गावात आणतं कोण? गावचं मंडळ. तेच कंपनी ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं. उरलेला पैसा गावाच्या कामी लावता येतो. त्या निमित्तानं लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, चहा-आलूबोंड्याची दुकानं चालतात.

आता मनातलं सांगते. घरी आलेल्या पाहुण्यांचा स्वयंपाक आपण करायचा, अन् मंडळात मात्र एकही बाई नाही! आमच्या गटाला पहिल्या वर्षी दुकानासाठी जागा मिळाली ती पार अंधारात. दुसऱ्या वर्षी ग्रामसंघात ठराव घेतला, महिनाभर आधी अर्ज दिला. जागा मंडपाच्या दाराशी मिळाली. माल पहाटेच्या आत संपला.

म्हणून बायांनो, तीन कामं करा. दुकानाची जागा लेखी मागा. मंडळात दोन बाया घ्यायला लावा. आणि हिशेब विचारा. नोंदणी झालेल्या मंडळाला धर्मादाय कार्यालयात हिशेब द्यावाच लागतो. तोच गावासमोर वाचायला सांगा.

गटाच्या बैठकीत आपण रुपया-रुपया मोजून वाचतो. मग इथंच कशाला लाजायचं? गाव म्हणजे आपणही आहोत.