विश्वकर्म्याची कथा आणि आजचे युग
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



यंदाच्या मेळाव्यात दोन शब्द बोलावेत अशी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आम्ही पडलो प्राथमिक शाळेतील शिक्षक, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विद्वत्तेचा दावा आम्हांस करावयाचा नाही. तथापि सारे आयुष्य मुलांना गोष्टी सांगण्यात गेले, तेव्हा गोष्टींविषयीच चार विचार आपणांपुढे ठेवावेत असे ठरविले. विज्ञानाच्या आणि धर्माभिमानाच्या ह्या युगात आपल्या पुराणकथांचे काय झाले, हा आमचा आजचा विषय आहे.

कोणी म्हणेल, व्हावयाचे काय? माघ शुद्ध त्रयोदशीस विश्वकर्मा जयंती थाटाने साजरी होते. खंडेनवमीस रंधा, पटाशी, करवत, वाकस, गिरमिट धुऊनपुसून पाटावर मांडली जातात व त्यांस हळदकुंकू वाहिले जाते. १७ सप्टेंबर रोजी अनेक कारखान्यांत विश्वकर्मापूजन होते. केंद्र सरकारने २०२३ साली त्याच दिवशी १८ व्यवसायांतील कारागिरांसाठी योजना सुरू केली, तिलाही विश्वकर्म्याचेच नाव दिले. हे सर्व खरे आहे, आणि त्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु जयंतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या दहा मुलांना थांबवून विचारावे, की बाळांनो, विश्वकर्म्याची एक गोष्ट सांगा पाहू. सांगणारा एखादा तरी निघेल काय, ह्याची आम्हांस शंका आहे. तसबीर आहे, आरती आहे, घोषणा आहेत. गोष्ट तेवढी नाही. पूर्वी ती देवळातला पुराणिक सांगे, कीर्तनकार सांगे, आणि रंधा मारता मारता आजोबा सांगत. आज पुराणिक राहिला नाही. आणि प्लायवूड यंत्राने कापले जाते तेथे गोष्ट सांगण्याइतकी उसंत आणि ऐकण्याइतकी शांतता, दोन्ही नाहीत.

म्हणून प्रथम एक कथा सांगतो. ज्येष्ठांना ती ठाऊक असेल. त्यांनी क्षमा करावी.

विश्वकर्म्याची कन्या संज्ञा. ती सूर्यास दिली. जावयास दहावा ग्रह म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे तर जावई साक्षात् ग्रहराज! स्थळ मोठे, तेजस्वी, त्रैलोक्यात मान असलेले. संसार सुरू झाला, मुले झाली. परंतु पतीचे तेज संज्ञेस सोसवेना. त्याच्याकडे पाहताना तिचे डोळे मिटत. अखेरीस तिने आपल्यासारखीच दिसणारी छाया निर्माण केली, तिला आपल्या जागी ठेविले, आणि ती माहेरी आली. पित्याने स्वागत केले. काही दिवस गेले आणि मग पिता म्हणाला, की मुलीने फार काळ माहेरी राहणे बरे दिसत नाही, आता परत जावे. संज्ञा निघाली, परंतु सासरी गेली नाही. घोडीचे रूप घेऊन ती दूर उत्तरकुरु देशात जाऊन तप करू लागली. इकडे छायेने सवतीच्या मुलांशी दुजाभाव केला, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. सूर्य सासऱ्याकडे आला. सासऱ्याने त्यास स्पष्ट सांगितले, की तुझे तेज तिला सोसत नव्हते. सूर्याने संमती दिली आणि विश्वकर्म्याने जावयास चरकावर धरले. चरक फिरू लागला, तेज तासले जाऊ लागले. जो कीस निघाला तोही त्या कारागिराने वाया जाऊ दिला नाही. त्यातून विष्णूचे चक्र, शिवाचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती अशी आयुधे घडविली. मग सौम्य झालेला सूर्य पत्नीच्या शोधात निघाला व ती त्यास भेटली.

विष्णुपुराणात म्हटले आहे की तेजाचा आठवा भाग तासला. मार्कंडेयपुराणात सांगितले आहे की पंधरा भाग तासून सोळावा तेवढा ठेविला. दोन्ही पुराणे आपल्या पूर्वजांनी ऐकली आणि कोणी हिशेबाचा तंटा केला नाही. ते वजनमापास चुकत होते असे नव्हे. ज्यांचा सारा धंदा सुताच्या मापावर चाले ते माप कसे विसरतील? गोष्टीत काय मोजावयाचे आणि काय नाही, हे त्यांस कळत होते, एवढाच त्याचा अर्थ.

आम्ही ही कथा सहावीच्या वर्गात सांगितली होती. एका चलाख मुलाने लगेच विचारले, "गुरुजी, सूर्य तर वायूचा गोळा. तो लेथवर धरला कसा?" वर्ग हसला. आम्ही म्हणालो, "बरोबर विचारलेस. सूर्य कसा आहे ते शास्त्राच्या तासाला शीक. ही गोष्ट तेजस्वी माणसाजवळ राहणे कसे असते ते सांगते." एवढ्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उठली. ती सहसा बोलत नसे. ती म्हणाली, "मग मुलगी पहिल्यांदा घरी आली, तेव्हाच त्यांनी सूर्याला का नाही तासला?"

सज्जनहो, पहिला प्रश्न विज्ञानाचा होता आणि विज्ञानाने त्याचे उत्तर चोख दिलेले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र विज्ञानाच्या पुस्तकात नाही आणि पूजेच्या पोथीतही नाही. तो प्रश्न कथेच्या पोटात आहे, आणि कथा सांगितली तरच तो कोणाच्या तरी मनात उठतो.

विज्ञानाविषयी आमच्या मनात आदरच आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेला आहे; तो आपणांपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे; दर सेकंदास त्याच्या वस्तुमानापैकी सुमारे ४० लाख टनांचे रूपांतर ऊर्जेत होते. आपल्या देशाने २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेले 'आदित्य एल-१' हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील नियोजित कक्षेत पोहोचले. अमेरिकेचे 'पार्कर' यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटर इतक्या जवळून गेले. सुमारे साडेअकरा सेंटिमीटर जाडीची कार्बनची ढाल पुढे धरून, तिच्या सावलीत त्याची उपकरणे सुरक्षित राहिली. हेही कारागिरांचेच काम आहे आणि मुलांनी ते अवश्य शिकावे. विज्ञानामुळे कथा मेली असे आम्हांस वाटत नाही. विज्ञान शिकलेला मनुष्य जेव्हा कथेस 'भाकडकथा' म्हणून बाजूस सारतो, तेव्हा मात्र तो कथेला न विचारलेल्या परीक्षेत नापास करतो.

परंतु कथेचा दुसरा शत्रू अधिक प्रेमळ आहे, आणि म्हणून अधिक घातक आहे. तो म्हणतो, की पुराणात आहे ते अक्षरशः घडलेले आहे. वर आम्ही सूर्याचे वस्तुमान घटते असे सांगितले, तोच कोणी तरी म्हणेल, "पाहा, सूर्य तासला जातो हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते!" यान ढालीच्या सावलीत राहते हे ऐकून दुसरा म्हणेल, "हीच ती छाया!" बंधूंनो, हा मोह टाळावा. असे बोलल्याने विज्ञानाचा मान वाढत नाही आणि पुराणाचाही वाढत नाही. पूर्वजांना यंत्रशास्त्राचे प्रशस्तिपत्र देण्याच्या भरात बापाने मुलीला एकदा परत पाठविले ही गोष्ट आपण विसरतो, आणि कथेचा जीव नेमका तेथेच आहे.

नास्तिक विचारतो, हे घडले काय? अभिमानी सांगतो, घडलेच. दोघेही कथेकडे पंचनाम्याप्रमाणे पाहतात. 'पुराणातली वांगी पुराणात' असे आपण म्हणतो. त्यातील मूळ शब्द 'वानगी', म्हणजे नमुना, असे सांगतात. नमुन्याचे वांगे झाले, तेव्हाच कथेची अवस्था काय होणार हे ठरून गेले असावे.

ह्या बाबतीत जातिसंस्थांनीही विचार करावा असा एक इतिहास आहे. १९०१ सालच्या जनगणनेत आयुक्त रिस्ले ह्यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार क्रमवारी लावण्याचे ठरविले. देशभर खळबळ उडाली. ठिकठिकाणच्या जातिसभांनी पुराणांतील आधार काढून आपले स्थान वरचे असल्याचे अर्ज सरकारदरबारी धाडले. मनू, मय, त्वष्टा, शिल्पी आणि दैवज्ञ हे विश्वकर्म्याचे पाच पुत्र, आणि लोहार, सुतार, तांबट, पाथरवट व सोनार ही त्यांची कुळे, असे आपल्याकडे सांगतात. लोखंड, लाकूड, तांबे, दगड आणि सोने ह्यांत काम करणारे हात एका घरचे आहेत, हा त्या कथेचा केवढा सुंदर आशय! परंतु अशा कथा दाखल्यासारख्या वापरू लागलो की त्यांतील पाच भावांपैकी थोरला कोण, एवढाच वाद शिल्लक राहतो. कोणाहून वरचे ठरण्यासाठी ही कथा आपणांस मिळालेली नाही, असे आमचे नम्र मत आहे.

सत्य आणि कथा ह्यांचा मेळ कसा घालावा ह्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. वेरूळचे दहावे लेणे 'विश्वकर्मा लेणे' म्हणून, तसेच 'सुतार का झोपडा' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. वस्तुतः ते इसवी सनाच्या सातव्या शतकातील बौद्ध चैत्यगृह होय आणि आतील मूर्ती भगवान बुद्धांची आहे. पूर्वी सुतार लोक तीस विश्वकर्मा समजून पुजावयास जात. हा समज कशाने झाला? वर छताकडे पाहावे म्हणजे कळते. लाकडी घराच्या कमानीदार फासळ्या असाव्यात तशा फासळ्या तेथे दगडात कोरल्या आहेत. त्यांच्यावर छताचा काडीइतका भार नाही; अखंड डोंगरास फासळ्यांची गरज काय? कार्ल्याच्या लेण्यात गेल्यास खऱ्या लाकडाच्या प्राचीन फासळ्या आजही पाहावयास मिळतात. पाथरवटाने सुताराची आठवण दगडात जपली आणि पुढे सुताराने ती ओळखली. ही मूर्ती बुद्धांची आहे, हे आज आपण निःसंकोच सांगितले पाहिजे. दुसऱ्यांच्या पूज्य स्थानावर हक्क सांगणे आपणांस शोभणार नाही. पण आपले आजे-पणजे त्या छताखाली हात जोडून का उभे राहिले, हेही मुलांना सांगितले पाहिजे. खरे सांगितल्याने ही आठवण लहान होत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. पित्याने पहिल्यांदाच सूर्यास का तासले नाही? आमच्या समजुतीप्रमाणे, पित्यास लोक काय म्हणतील ह्याची चिंता पडली होती. ज्याने देवांची नगरे उभारली तो त्रैलोक्याचा कारागीरसुद्धा मुलीच्या बाबतीत प्रथम चुकला, आणि पुराणकाराने ती चूक झाकली नाही. 'दिल्या घरी सुखी राहा' असे म्हणून आपणही मुलींची बोळवण करतो. ती होरपळून माहेरी येते. आपण चार दिवस गोडधोड घालतो आणि पाचव्या दिवशी तिला एसटीत बसवून देतो. समाजाच्या बैठकीत तडजोड होते तेव्हा "थोडे सोसावे" हा उपदेश बहुधा मुलीलाच केला जातो. त्या बैठकीत बसलेल्या प्रत्येक ज्येष्ठाने संज्ञेची कथा एकदा मनात आणावी. जावई कितीही तेजस्वी असो, शिकलेला, पगारदार, बंगलेवाला असो. त्यास समोर बसवून "तुझे तेज तिला सोसत नाही" हे सांगण्याचे धैर्य सासऱ्याने केले तेव्हाच तो संसार सावरला. आणि सूर्याचाही मोठेपणा असा, की तो चरकावर बसण्यास कबूल झाला. त्याचे तेज कमी झाल्याने तो लहान झाला नाही. उलट त्याच्या जादा तेजातून देवांच्या उपयोगाची आयुधे झाली. बाजारात मिळणाऱ्या तसबिरीत हे आढळणार नाही. ते गोष्टीतच आढळते.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, पुढील वर्षीच्या अंकात काही पाने राखून ठेवावीत आणि सत्तरी ओलांडलेल्या आपल्या कारागिरांकडून त्यांनी ऐकलेल्या कथा, त्यांच्याच शब्दांत, गावाच्या नावासह छापाव्यात. कारण ही माणसे आता फार काळ थांबणार नाहीत. दुसरी, जयंतीच्या दिवशी मिरवणुकीआधी एका मुलाने व एका मुलीने एकेक कथा सांगावी आणि नंतर ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारावेत. प्रश्न विचारणाऱ्यास कोणी अश्रद्ध म्हणू नये. तिसरी, वधू-वर मेळाव्यात पत्रिका आणि पगार ह्यांची चर्चा सुरू होण्यापूर्वी संज्ञेची कथा सर्वांसमक्ष सांगितली जावी. मुलीकडच्यांनी आणि मुलाकडच्यांनी, दोघांनीही ती ऐकावी.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात विश्वकर्म्याची दोन सूक्ते आहेत. त्यांत ऋषीला प्रश्न पडला आहे, की हे आकाश आणि ही पृथ्वी घडविली ती कोणत्या वृक्षाच्या लाकडातून? प्रश्न अगदी सुताराचा आहे. त्याने उत्तराचा हट्ट धरला नाही. शास्त्रज्ञ आपल्या मार्गाने आजही तोच प्रश्न विचारीत आहेत. आपली मुले शास्त्र शिकोत, यंत्रे चालवोत, परदेशी जावोत. परंतु जाताना हत्याराच्या पेटीत ही एक गोष्ट त्यांच्याबरोबर असावी, एवढीच आमची इच्छा आहे.