लघवीत अळ्या

लघवीच्या भांड्यात वळवळणारी अळी दिसली, की माणसं आधी दार लावून घेतात. दवाखान्यात येतात ती बऱ्याच दिवसांनी, आणि तेही ‘जळजळ होते’ एवढंच सांगतात. पाप केलं की अंगात किडे पडतात, असं म्हणणाऱ्या समाजात रुग्णाने तोंड उघडायचं तरी कसं? खरं तर अळ्या होतात त्या माशीच्या अंड्यांतून, आणि माशीला पाप-पुण्य कळत नाही, वास कळतो.

बऱ्याचदा ती अळी शरीरातली नसतेच. न्हाणीघराच्या भिंतीवर छपरासारखे पंख मिटून बसलेली बारीक, केसाळ, करडी माशी तुम्ही पाहिली असेल. पुण्याच्या वाड्यात दिसते, तशी जयपूरच्या गोपालपुऱ्यातल्या वसतिगृहातही. तिच्या अळ्या मोरीच्या नळीतल्या बुळबुळीत थरात वाढतात आणि संडासाच्या भांड्यातही सापडतात. म्हणून डॉक्टर स्वच्छ, कोरड्या बाटलीत ताजा नमुना पुन्हा मागतात. त्यात तुमच्यावर अविश्वास नसतो. त्यातही अळी निघाली, तर ती मूत्रमार्गातली असण्याची शक्यता बळावते. अशी अळी बहुधा लघवीवाटेच बाहेर पडते. मोरीतला थर मात्र फिनेल ओतून निघत नाही, ब्रशने घासावाच लागतो.

खरी काळजी जखमेतल्या अळ्यांची. ‘क्रायसोमिया बेझियाना’ ही हिरवट-निळी माशी आपल्या देशात आढळते. तिच्या अळ्या जिवंत मांसावरच पोसतात. जखमेच्या कडेला ती शंभर-दोनशे अंडी घालते, दिवसभरात अळ्या निघतात आणि डोकं आत करून मांसात शिरतात. श्वासाची छिद्रं मागच्या टोकाला असल्यामुळे तेवढंच टोक वर दिसतं. अंग बाहेर आलेल्या म्हाताऱ्या बायका, मधुमेही, पक्षाघाताने पडून असलेले, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे व्रण झालेल्या स्त्रिया यांना धोका अधिक.

गुरांच्या जखमेवर सीताफळाचा पाला वाटून लावायची आपल्याकडे रीत आहे. माणसाच्या नाजूक जागी तो लावू नका. टर्पेंटाइन तर नकोच. त्याने अळ्या गुदमरून वर येतात हे खरं, पण कातडीही भाजते. दवाखान्यात चिमट्याने एकेक अळी काढतात, जखम धुतात, गरजेप्रमाणे आयव्हरमेक्टिनची गोळी देतात. बघणाऱ्याला किळस येते, पण वेळेवर आलेल्या रुग्णासाठी एवढं बहुधा पुरतं.

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर रोज अंग पुसताना मांड्यांमधली जागाही उजेडात पाहा. जखम असेल तर ती झाकून ठेवा. आणि अळी दिसलीच, तर फेकून देऊ नका. झाकणाच्या बाटलीत घालून रुग्णाबरोबर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.