झाकून ठेवायची घागर

धाराशिव जिल्ह्यातील लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते, चैत्र-वैशाखात ऐन भरात येते आणि मृगाच्या तोंडावर ओसरते. त्यामुळे मांडवाचा खर्च आणि पेरणीचा खर्च हे दोन्ही एकाच घरातून, एकाच पैशातून आणि जेमतेम महिन्याभराच्या अंतराने निघत असतात. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे, त्यामागून तुरीचे आणि शेवटी हरभऱ्याचे पैसे हाती आले की कोरडवाहू घरात पुढच्या सुगीपर्यंत नवी आवक नसते. साध्या लग्नाच्या खर्चाची आखणी करताना हा काळाचा हिशेब आधी मांडावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेक घरांत राहून जातो.

पैशाची वाटणी कशी करावी हे टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेल्या गावातील कोणतीही गृहिणी जाणते. पाणी आले की ती पहिली घागर पिण्यासाठी भरून तिच्यावर झाकण ठेवते, मग स्वयंपाकाचे, मग जनावरांचे आणि शेवटी धुण्याभांड्याचे पाणी काढते. पाहुणे वाढले तर धुणे उद्यावर जाते, पण झाकलेल्या घागरीला हात लागत नाही. लग्नाच्या पैशात ही झाकलेली घागर म्हणजे मृगाच्या पेरणीचा पैसा आणि घरात राखलेले बियाणे होय. तो पैसा बस्त्याच्या, म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीच्या आधी, किंबहुना सुपारी फुटण्याच्याही आधी बाजूला निघाला पाहिजे. प्रत्यक्षात कार्यालयाचा इसार, सोने, बस्ता, आचारी आणि वाजंत्री यांचे भागवून उरले तर पेरणी, असा उलटा क्रम चालतो, आणि उरत काहीच नाही.

उदाहरणादाखल 5 एकर कोरडवाहू जमीन आणि 3,00,000 रुपये शिल्लक असलेले घर धरावे. एकरी 12,000 रुपयांच्या हिशेबाने पेरणी, खत आणि फवारणीचे 60,000 रुपये घागरीत झाकले, तर लग्नासाठी 2,40,000 उरतात, आणि जे काही करायचे ते एवढ्यातच बसवायचे असते. या रकमेला सर्वांत मोठा ताण पंगतीचा येतो, कारण पानाचा दर आचाऱ्याशी घासाघीस करून थोडाफार उतरतो, परंतु माणसांचा आकडा कोणी उतरवत नाही. एका पानाला 150 रुपये धरले तर वाढलेल्या 100 माणसांचे 15,000 होतात. सोयाबीनला एकरी सुमारे 30 किलो बियाणे लागते. किलोला 100 रुपये धरल्यास 5 एकरांच्या बियाण्याचा खर्चही बरोबर 15,000 येतो. भावकीत नाव निघावे म्हणून वाढवलेली 100 पाने म्हणजे 5 एकरांचे बियाणे होय, हे श्रोत्यांनी पत्रिका छापायला टाकण्यापूर्वी एकदा मोठ्याने म्हणून पाहावे.

घागर रिकामी झाली की दुसऱ्याच्या दारी जावे लागते. सावकारी व्यवहारात शेकडा 3 म्हणजे दर 100 रुपयांना महिन्याला 3 रुपये, अर्थात वर्षाला 36 रुपये व्याज. या दराने घेतलेल्या 1,00,000 रुपयांचे वर्षाचे व्याज 36,000 होते, म्हणजे 2025-26 च्या हंगामातील 5,328 रुपये हमीभावाने पावणेसात क्विंटल सोयाबीन, आणि मुद्दल जागच्या जागी राहते. पीक कर्ज मांडवात गेले तर नुकसान दुहेरी होते, कारण मुदतीत फेडलेल्या 3,00,000 रुपयांपर्यंतच्या पीक कर्जावर शून्य टक्के व्याजाची जी सवलत आहे, ती मुदत हुकताच हातची जाते. कळंब, वाशी, भूम या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन लग्न उरकले जाते. तोडीच्या भाषेत कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. ज्यांच्या लग्नासाठी उचल घेतली, तीच जोडी पुढच्या हंगामात एक कोयता होऊन ती फेडत राहते. सप्टेंबर 2025 मधील अतिवृष्टीत परांडा आणि भूम तालुक्यांतील शेते पाण्याखाली गेली. अशा वर्षानंतर तर ही घागर अधिकच घट्ट झाकायला हवी.

घागरीला बारीक गळतीही असते. मानपानातील टॉवेल-टोप्या, फेटे आणि सत्काराचे हार यांतील एकेक वस्तू किरकोळ वाटते आणि ती घेणारा बहुधा ती पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतो. याउलट लग्नानंतरचे तुळजापूरचे दर्शन, जागरण-गोंधळ आणि सवाष्णींचे जेवण हा खर्च ठरलेला असूनही यादीत लिहिला जात नाही, आणि मग तोच उसनवारीने होतो. हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही 1961 च्या कायद्याने गुन्हे असल्याने या हिशेबात त्याला ओळच नाही.

यादी म्हणजे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बैठकीत बसून लिहिलेला, कोणी काय करायचे याचा कागद. या बैठकीला पुरुष बसतात आणि पाण्याची वाटणी जिला अचूक येते ती बाई आत चहा गाळत असते. लग्नाचा हिशेब बिघडण्याचे मूळ बरेचसे इथे आहे. घरात धान्य किती, बियाण्याचे पोते कोणते, बचत गटाचा हप्ता केव्हा, हे तिला तोंडपाठ असते, आणि तरीही तिच्यापुढे तो कागद लिहून झाल्यावरच येतो. तिला बैठकीत बसवावे, आणि पहिला आकडा तिने सांगावा.

साधेपणाने अब्रू जाते, ही भीती निराधार आहे. सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात अत्यंत थोड्या खर्चात झाला, आणि आज मराठवाड्यात साखरपुड्यातच किंवा यादीच्या बैठकीतच अक्षता टाकण्याची रीत पुष्कळ गावांनी मानाने स्वीकारली आहे. शासनाच्या शुभमंगल योजनेत सामूहिक किंवा नोंदणीकृत विवाह करणाऱ्या शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतील मुलींसाठी मिळणारे अनुदान पूर्वीच्या 10,000 वरून 25,000 रुपये झाले आहे. त्याच्या अटी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात आधीच विचाराव्यात. दोन्ही घरांनी खर्च निम्मा-निम्मा उचलण्याचा प्रश्न याहून मोठा आहे, पण तो या वेळेत मावत नाही.

बियाण्याविषयी मात्र सांगितलेच पाहिजे. सोयाबीनचे टरफल पातळ असल्याने राखलेले पोते आपटू नये, थप्पी उंच लावू नये, आणि मांडवाची भांडी ठेवायला जागा हवी म्हणून ते ओसरीत उघड्यावर काढू नये. लग्न पार पडल्यावर, पेरणीच्या आधी, ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवावेत आणि त्यांतील किमान 70 उगवतात की नाही हे मोजून घ्यावे.