राजाजींचा प्रश्न : ठरवणार कोण आणि भरणार कोण?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे कापसाचा भाव, आयात शुल्क आणि कर्ज असे तीन विषय आहेत. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्याआधी एका जुन्या माणसाबद्दल बोलणार आहे. त्यांचे नाव चक्रवर्ती राजगोपालाचारी. देश त्यांना राजाजी म्हणत असे. तुमच्यातले काहीजण मनात म्हणतील, की मद्रासकडचा हा वकील, १९७२ साली वारला, त्याचे आपल्या वखराडवऱ्याशी काय नाते? नाते आहे. आपण ज्या मागण्या घेऊन रस्त्यावर बसतो, त्यातल्या बऱ्याचशा या माणसाने पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी दिल्लीला ऐकवल्या होत्या. तेव्हा त्याला लोकांनी म्हातारचळ म्हटले.

राजाजींचा जन्म १८७८ सालचा, सालेम जिल्ह्यातल्या तोरपल्ली या खेड्यातला. गांधीजींच्या हाकेसरशी वकिली सोडली. १९२५ साली तिरुचेनगोडजवळ आश्रम काढला आणि खेड्यापाड्यातल्या माणसांच्या हाताला सूतकताईचे काम दिले. पुढे मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री झाले, स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरल झाले, १९५४ साली भारतरत्न मिळाले. एवढे सगळे झाल्यावर माणूस घरी बसून नातवंडांना गोष्टी सांगतो. राजाजींनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी, १९५९ साली, आपल्या जन्माच्या सोबत्यांविरुद्ध नवा पक्ष काढला. त्याचे नाव स्वतंत्र पक्ष.

त्यांना लोक उजवे म्हणत, जुन्या वळणाचे म्हणत. ते स्वतः ही गोष्ट नाकारत नसत. काँग्रेस डावीकडे सरकली आहे, तेव्हा देशाला आणखी एक डावा पक्ष नको, बळकट उजवा पक्ष हवा, असे ते उघड लिहीत. जुन्या वळणाचा माणूस म्हणजे सुधारणेचा शत्रू, असे आपल्याला शाळेत शिकवतात. शेतात पाहा. बांध फोडण्याआधी जाणता शेतकरी विचारतो, हा बांध आजोबांनी इथेच का घातला? पावसाचे पाणी कुठून येते, कुठे जाते? ते समजून घेतो आणि मग ठरवतो. राजाजींचे राजकारण असे होते.

पहिले उदाहरण कर्जाचे. राजाजी १९३७ ते १९३९ मद्रास प्रांताचे प्रमुख होते. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळलेले, सावकाराचे व्याज मात्र चढतच होते. १९३८ साली त्यांनी शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा केला. १ ऑक्टोबर १९३२ पूर्वीच्या कर्जांवर १ ऑक्टोबर १९३७ पर्यंत थकलेले व्याज रद्द. आणि ज्या शेतकऱ्याने मुद्दलाच्या दुप्पट रक्कम, मुद्दल म्हणून असो की व्याज म्हणून, आधीच भरली असेल, त्याचे कर्ज मुद्दलासकट संपले. हा नियम तुम्हाला ओळखीचा वाटेल. आपल्याकडे त्याला दामदुपट म्हणतात. नवे पुस्तक न उघडता या माणसाने जुना धर्मनियम काढला आणि शेतकऱ्याच्या गळ्यातला फास सोडवला. बाजाराच्या स्वातंत्र्याची बाजू घेणारा माणूस करार मोडायला तयार झाला, कारण ज्या करारात एका बाजूने फक्त भरायचे आणि दुसऱ्या बाजूने फक्त घ्यायचे, तो करार राहत नाही.

दुसरे उदाहरण धान्याचे. १९५२ साली राजाजी पुन्हा मद्रासचे मुख्यमंत्री झाले. महायुद्धाच्या काळापासून धान्यावर नियंत्रणे होती. सक्तीची खरेदी, रेशन, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात धान्य न्यायला परवाना. अधिकारी सांगत होते, नियंत्रण उठवले तर उपासमार होईल. राजाजींनी जून १९५२ मध्ये नियंत्रणे उठवली. दडवलेले धान्य बाजारात आले आणि आकाश कोसळले नाही. दिल्लीत अन्नखाते रफी अहमद किडवईंकडे होते. त्यांनी साथ दिली आणि १९५४ पर्यंत देशभरची नियंत्रणे सैल झाली. १९५३-५४ चे पीकही देशात चांगले आले, हेही सांगितले पाहिजे. नुसत्या आदेशाने धान्य पिकत नाही. पण पिकलेले धान्य आदेशाने लपते, एवढे मात्र त्या दोन वर्षांत सिद्ध झाले. सरकारी परवान्यांच्या या कारभाराला 'लायसेन्स-परमिट राज' हे नाव राजाजींनीच दिले. ते आज सगळ्यांच्या तोंडी आहे.

तिसरे उदाहरण आपल्या दारातले. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन आपल्या नागपूरला भरले. तिथे ठराव झाला, की पुढची शेती सामुदायिक सहकारी पद्धतीची असेल. जमिनी एकत्र करायच्या, कसायचे सर्वांनी मिळून, मालकी कागदावर राहील आणि उत्पन्नातला वाटा मिळेल. धान्याचा व्यापार सरकारने करायचा. उत्तर प्रदेशातून चरणसिंगांनी विरोध केला. आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा काँग्रेस सोडून बाहेर पडले आणि स्वतंत्र पक्षाचे अध्यक्ष झाले. मिनू मसानी आले. ऑगस्टमध्ये मुंबईत पक्षाचा पहिला मेळावा झाला. म्हणजे ज्या पक्षाला दिल्लीवाले राजेरजवाड्यांचा पक्ष म्हणत, त्याच्या जन्माला नागपूरचा शेतीचा ठराव कारण होता.

मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस आहे, म्हणून हा मुद्दा आपल्या भाषेत मांडतो. पाऊस पडून गेला, की काळ्या रानात वापसा येतो. तो किती दिवस राहतो? दोन दिवस, फार तर तीन. त्यात डवरा चालला पाहिजे. आज कोणत्या वावरात पाय रुततो आणि कोणत्यात रुतत नाही, हे त्या बांधावर उभ्या असलेल्या माणसालाच कळते. वापसा समितीच्या सभेची वाट पाहत नाही. मृगात धूळपेरणी करायची, की पाऊस पाहून आठ दिवस थांबायचे, तुरीची ओळ किती काकऱ्यांनी टाकायची, ज्वारी घ्यायची की कापूस, हे हजार निर्णय एकेका शेतकऱ्याचे असतात. चुकला तर त्याचे बियाणे जाते, बरोबर आला तर त्याच्या घरात माल येतो. म्हणून तो रात्री उठून आभाळ पाहतो. ठरवणारा एक आणि भरणारा दुसरा झाला, की आभाळ कुणीच पाहत नाही. राजाजींच्या सगळ्या लिखाणातून मला हा एक प्रश्न मिळाला : ठरवणार कोण आणि भरणार कोण?

सामुदायिक शेती आली नाही. पण नागपूरच्या ठरावातली बाकीची पिलावळ आपल्या घरी आलीच. साठीच्या दशकात महाराष्ट्रात ज्वारीची एकाधिकार खरेदी आणि लेव्ही आली. १९७१ चा कायदा होऊन १९७२ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी आली. काही वर्षे तिने बोनसही दिला, ते नाकारायचे कारण नाही. पण शेजारच्या राज्यात भाव जास्त असताना आपली गाडी सीमेवर अडवली जायची, स्वतःच्या रानातला कापूस नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरायचा. ठरवणारे मुंबईत आणि भरणारे पांढरकवड्यात.

जमिनीचेही तेच. १९५१ साली पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट आले. त्यात घातलेल्या कायद्याविरुद्ध मूलभूत हक्काच्या नावाने कोर्टात दाद मागता येत नव्हती. सुरुवातीला १३ कायदे होते. १९६४ साली १७ व्या दुरुस्तीने आणखी ४४ घातले, त्यात महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदाही होता. स्वतंत्र पक्षाने त्या दुरुस्तीला संसदेत आणि बाहेर विरोध केला. परिशिष्टातल्या कायद्यांची संख्या पुढे २८४ पर्यंत गेली, त्यातले बहुतेक जमिनीचे. १९७८ साली तर मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतूनच काढला. कारखानदाराने दहावा कारखाना काढला तर त्याला बक्षीस, आणि कोरडवाहूवाल्याला ५४ एकरांची रेघ.

आता आक्षेप. आपल्याच कार्यकर्त्यांनी मला विचारले आहे, की स्वतंत्र पक्षात जमीनदार आणि संस्थानिक नव्हते का? होते. राजस्थानात आणि ओरिसात त्यांच्याच बळावर पक्ष वाढला. दुसरे, १९५३ साली राजाजींनी मद्रासमध्ये शाळेची योजना आणली. मुलाने अर्धा वेळ शाळेत बसायचे आणि अर्धा वेळ बापाचा धंदा शिकायचा. लोक म्हणाले, ही तर जातीचा धंदा जातीला चिकटवण्याची युक्ती आहे. लोकांचा राग बरोबर होता. १९५४ साली राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराजांनी योजना रद्द केली. जो माणूस म्हणत होता, की शेतकऱ्याचे शेतकऱ्याला ठरवू द्या, त्याने त्या पोरांचे त्यांना न विचारता ठरवले. म्हणून मी राजाजींची तसबीर लावा म्हणत नाही. त्यांचाच प्रश्न त्यांनाही विचारा. तिथे ते नापास होतात, आणि प्रश्न पास होतो.

मतपेटीत काय झाले? १९६२ ला स्वतंत्र पक्षाचे १८ खासदार, १९६७ ला ४४, आणि १९७१ च्या लाटेत ८. राजाजी २५ डिसेंबर १९७२ रोजी गेले. १९७४ साली पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात मिसळला. वीस वर्षांनी, १९९४ साली, शरद जोशींनी आपल्या पक्षाला स्वतंत्र भारत पक्ष हे नाव दिले, ते याच परंपरेतून. आणखी एक गोष्ट ऐका. १९८९ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. राजाजी आज परत आले, तर खोटी शपथ घेतल्याशिवाय त्यांच्या पक्षाची नोंदणी होणार नाही.

आता आजचे पाहू. २००८ च्या कर्जमाफीत पाच एकरांची रेघ ओढली. ओलिताचे चार एकर आणि कोरडवाहूचे दहा एकर यातला फरक दिल्लीला कळला नाही, आणि विदर्भातला कर्जबुडीत कोरडवाहू शेतकरी पूर्ण माफीबाहेर राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत शेतमालाच्या स्वातंत्र्याचे कायदे मंजूर झाले आणि त्याच महिन्यात सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. व्यापाराच्या वादात दिवाणी कोर्टाचे दारही त्या कायद्याने बंद केले होते. अध्यादेश काढून, शेतकऱ्याला न विचारता स्वातंत्र्य वाटायला निघाले, आणि २०२१ साली ते कायदे मागे घ्यावे लागले. स्वातंत्र्य देतानाही ठरवणारा दिल्लीतच बसला होता. बांध कुठून फोडायचा हे न पाहता फोडला, की चांगले पाणीही माती घेऊन जाते.

आणि कापूस. २०२५ च्या जूनमध्ये आपण सरकी लावली तेव्हा आयातीवर ११ टक्के शुल्क होते. ऑगस्टमध्ये, पऱ्हाटी पाती-फुलांवर असताना, ते उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवले. गिरण्यांची अडचण खरी असेल. पण बियाणे, खत, फवारणी यांचा खर्च आपण जुन्या हिशेबाने करून बसलो होतो. नियम बदलणाऱ्याचा एक रुपयाही त्यात गुंतलेला नव्हता.

इथे आपल्यालाही आरशात पाहावे लागेल. भाव चढला की निर्यात मोकळी ठेवा आणि भाव पडला की आयात बंद करा, असे आपण म्हणू लागलो, तर आपल्यात आणि गिरणीवाल्यात फरक काय उरला? तोही हेच उलट्या बाजूने म्हणतो, आणि दिल्लीत त्याची ओळख आपल्यापेक्षा जास्त आहे. सरकारच्या हातातली काठी आपल्या बाजूने फिरेल या आशेवर राहणारा शेतकरी शेवटी काठीच बळकट करतो. राजाजींनी हे ओळखले होते.

म्हणून आजच्या ठरावात तीन गोष्टी असाव्यात, अशी माझी सूचना आहे. एक, आयात-निर्यातीचा जो काही नियम असेल तो पेरणीआधी जाहीर व्हावा आणि माल विकून होईपर्यंत बदलू नये. दोन, सरकारने मध्येच बंदी घातली किंवा शुल्क बदलले, तर त्यातून पडलेल्या भावाचा फरक सरकारने भरावा. ती भीक नाही, ठरवल्याचे मोल आहे. तीन, शेतजमिनीच्या कायद्यांविरुद्ध शेतकऱ्याला कोर्टाचे दार इतर नागरिकांइतकेच उघडे असावे.

यावर मतभेद होतील. हमीभावाला कायद्याचे बळ हवे, एवढेच पुरे, असे म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांनी बोलावे, भांडावे. स्वतंत्र पक्षात मूळ तत्त्वे सोडून बाकी विषयांवर सभासदाला आपल्या मनाने मत द्यायची मोकळीक होती. आपल्याकडेही असू द्या. पण प्रत्येक मागणीला, आपल्या मागणीलासुद्धा, तोच प्रश्न लावा. गावोगावच्या बैठकीत मते मागायला येईल त्याला विचारा : बाबा रे, ठरवणार कोण, आणि चुकले तर भरणार कोण? दोन्हीचे उत्तर एकच येत नसेल, तर त्याला चहा पाजा आणि पुढच्या गावाची वाट दाखवा.