वेदीपाशीं मौन, संसारांत आवाज



वेदीपुढें वधूवर परस्परांस वचन देतात, तेव्हां धर्मगुरु व दोन साक्षीदार एवढ्यांचीच उपस्थिति आवश्यक मानलेली आहे. आईबापांनीं तेथें होकार द्यावा लागत नाहीं. हा निकाल फार जुना आहे. मातापित्यांच्या संमतीवांचून झालेले विवाह रद्द समजावेत, असा फ्रान्सच्या राजाचा आग्रह होता. 1563 सालीं त्रेंत येथील धर्मसभेनें तो अमान्य केला. असे विवाह तिला नापसंत होते, परंतु केवळ आईबाप राजी नव्हते म्हणून विवाह खोटा ठरत नाहीं, असें तिनें ठरविलें.

तथापि वेदीपाशीं मौन धरणारे आईबाप पुढें मुलांच्या संसारांत बोलत राहतात, कित्येकदां स्वर्गवासी झाल्यावरही. रागावल्यावर आठ आठ दिवस अबोला धरणाऱ्या बापाचा मुलगा पत्नीशींही अबोलाच धरतो. कारण रागाची दुसरी रीत त्यानें पाहिलेलीच नसते. आईनें जिला लहानपणापासून आपल्या दुःखाची एकमेव वाटेकरीण केलें, त्या मुलीला सासरची हकीकत रोज रात्रीं टेलिफोनवरून माहेरीं सांगितल्यावांचून झोंप येत नाहीं. सिंडी हेझन व फिलिप शेव्हर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं 1987 सालीं असें मांडिलें, कीं आईबापांविषयीं बालपणीं वाटलेला विश्वास किंवा धास्ती प्रौढपणीं जोडीदाराविषयींही वाटूं लागते. आमच्या आज्यांना हें कळत होतें. स्थळ पाहतांना त्या आधीं मुलाच्या आईबापांकडे बघत. (तेवढ्यावर माणूस ठरत नाहीं, हें मात्र त्या विसरत.)

उत्पत्तीच्या पुस्तकांत विवाहासाठीं आईबापांस सोडण्याचें सांगितलें आहे तें पुरुषास. आपल्याकडे घर सोडते ती मुलगी! नवरदेव त्याच ओटीवर, त्याच ताटावर बसतो, आणि आपणांसही कांहीं सोडावयाचें आहे, हें त्याला कोणी सांगत नाहीं. सोडणें म्हणजे टाकणें नव्हे. देवाला अर्पण केल्याचें निमित्त सांगून आईबापांस मदत नाकारणाऱ्यांची प्रभु येशूनें कडक कानउघाडणी केली आहे. म्हाताऱ्या आईचें औषधपाणी मुलानें अवश्य पाहावें; परंतु पत्नीचे दोष तिच्या खाटेशीं बसून सांगूं नयेत.

संत मोनिकेच्या सासूचे कान दासींनीं भरले होते. संत अगस्तीननें आपल्या आत्मनिवेदनाच्या नवव्या भागांत लिहिलें आहे, कीं मोनिकेच्या सोशिकपणानें सासू निवळली आणि तिनेंच मुलाजवळ त्या दासींची तक्रार केली. पात्रिशियसनें दासींस फटके देवविले. तो उपाय मी कोणास सांगत नाहीं. पण तो तापट नवरा आई व पत्नी यांच्या सलोख्यासाठीं एकदां तरी उभा राहिला, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आपल्या धर्मग्रामांत विवाहापूर्वीं वधूवरांसाठीं जे वर्ग भरतात, त्यांपैकीं एका संध्याकाळीं दोन्ही घरच्या आईबापांसही बोलवावें, अशी माझी सूचना आहे. त्या वेळीं वधूवरांस एक साधा प्रश्न विचारावा: तुमच्या घरीं भांडण झाल्यावर पहिला शब्द कोण बोलत असे? उत्तरासाठीं पुष्कळ वेळ द्यावा. आईबाप समोर बसलेले असतांना तें चटकन् सुचत नाहीं.