सांडपाणी कोणाच्या दारी?



या व्यासपीठावरून विद्या, व्यवसाय आणि विवाहातील खर्च यांविषयी पुष्कळ बोलले जाते. आज आम्ही घेतलेला विषय ऐकून कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतील. परंतु मोरीतून बाहेर पडलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्या खेड्यांत आता टाळण्याजोगा राहिलेला नाही.

त्याचे कारण नळ. सन २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरात पोहोचविण्याचे ठरले. आडावरून घागर आणावी लागे तोवर पाणी जपून वापरले जाई. आता पाच माणसांच्या घरी २७५ लिटर पाणी येते असे धरले, तर सुमारे ८० टक्के, म्हणजे २२० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. हजार वस्तीच्या गावाचा हिशेब ४४,००० लिटरांवर जातो. नळ आला तेव्हा नारळ फुटला. बाहेर जाणाऱ्या पाण्याची वाट मात्र कोणी आखली नाही.

माणसांनी वाट आखली नाही, की ती उतार आखतो. आपल्या लोकांची घरे बहुतेक वरच्या आळीत. आपल्या मोरीचे पाणी खालच्या वस्तीच्या दारात साचते आणि तेथील मुले त्यातूनच शाळेत जातात. अशा घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हत्तीरोग पसरवितो. आपल्या अंगणात सडा-रांगोळी आणि दुसऱ्याच्या उंबऱ्यापाशी आपल्या साबणाचा फेस, यास स्वच्छता म्हणावे काय? ज्ञातीच्या सभेत हे बोलणे काहींना रुचणार नाही. तरी ते बोलणे आम्हांस प्राप्त आहे.

उपाय अवघड नाही. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले, आणि ती पद्धत पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणावा. मध्ये वरच्या बाजूस भोके असलेली सिमेंटची टाकी बसवावी, सभोवती खाली मोठे व वर लहान दगड भरावेत आणि तोंड झाकून टाकावे. गाळ टाकीत बसतो, निवळलेले पाणी भोकांतून दगडांत जाते व जमिनीत मुरते. टाकीतील गाळ मधूनमधून उपसावा लागतो. तेथे आळस केला की खड्डा तुंबलाच. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी घेईनाशी होते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावे. विहिरीजवळ खड्डा कदापि नको. कोकणात पावसाळ्यात भूजल वर येते, तेथे केळी, अळू, कर्दळ यांच्या वाफ्यांत पाणी सोडणेच बरे.

शौचालयाचे पाणी मात्र या खड्ड्यात सोडू नये. त्यासाठी दोन निराळे खड्डे हवेत. एक भरला की दुसरा वापरावा, आणि बंद ठेवलेल्या खड्ड्यातील मळाचे वर्ष-दीड वर्षात खत होते. देहूचे डॉ. मापुस्कर यांनी ग्रामीण शौचालयांच्या कार्यात आयुष्य वेचले; सन २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. (जाता जाता एक सांगतो: डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. शोषखड्डा केला म्हणून पिंप उघडे ठेवू नये.)

घरे दाटीची असून खड्ड्यास जागाच नसेल, तर गावाच्या खालच्या अंगास उथळ स्थिरीकरण तळे करावे. त्यात पाणी कित्येक दिवस थांबते. उन्हात शेवाळ प्राणवायू देते आणि त्यावर जगणारे जंतू घाण पचवितात. विजेचे यंत्र लागत नाही. लागते ती जमीन, आणि जमिनीची गोष्ट निघाली की ग्रामसभेत शांतता पसरते. आपल्यापैकी जे मुंबई-पुण्यास स्थायिक झाले आणि ज्यांची गावची परसे वर्षानुवर्षे पडीक आहेत, त्यांनी उताराकडील एखादा तुकडा ग्रामपंचायतीस देण्याचा विचार करावा. तयार असणाऱ्यांनी सभा संपल्यावर चिटणिसांकडे नावे द्यावीत. कागदपत्रांसाठी तलाठ्याकडे आम्ही त्यांच्यासोबत येऊ.