डोळ्यांचा वारसा : दोष, धोका आणि जबाबदारी
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजचा विषय काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु तो आपणा प्रत्येकाच्या घरातील आहे. भारतातून येथे मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन जातो, तेव्हा भरावयाच्या अर्जात एक प्रश्न हमखास असतो : घराण्यात कोणाला अंधत्व आले होते काय? या प्रश्नापाशी आमची लेखणी थांबते. आजी अखेरच्या काळात माणसे आवाजावरून ओळखीत असे, एवढेच आम्हांस ठाऊक आहे. तो मोतीबिंदू होता, काचबिंदू होता की आणखी काही, हे सांगता येत नाही. कारण तिला कोणा डॉक्टरने कधी तपासलेच नव्हते. 'वयोमानाने दिसेनासे झाले', एवढेच तिचे निदान. ज्या समाजाला शाळेप्रमाणेच दवाखान्याचा उंबरठाही दूर राहिला, त्याच्या रोगांची नोंद कोण ठेवणार?

येथील डॉक्टर ज्याला एज-रिलेटेड मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात, त्या रोगाविषयी आज बोलावयाचे आहे. डोळ्याच्या मागील दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे त्याच्या बळावर होतात. बहुधा पन्नाशीनंतर तेथे पिवळसर साका जमू लागतो आणि पेशी झिजतात. कडेचे दिसत राहते, मधले हरपते. मोतीबिंदूप्रमाणे भिंग बदलून ही दृष्टी परत आणता येत नाही. अमेरिकेतील वृद्धांच्या दृष्टिनाशाचे हे एक प्रमुख कारण आहे.

हा रोग काही घराण्यांत अधिक आढळतो, हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होते. त्यामागील एक मोठा दुवा २००५ साली हाती आला. अमेरिकेतील तीन संशोधक गटांनी 'सायन्स' या नियतकालिकात एकाच वेळी जाहीर केले की, पहिल्या गुणसूत्रावरील सीएफएच या जनुकातील एका बदलाचा या रोगाशी निकटचा संबंध आहे. आपल्या शरीरात जंतूंचा नाश करणारी कॉम्प्लिमेंट नावाची एक यंत्रणा आहे. तिला आवर घालणारे प्रथिन हे जनुक घडविते. त्या प्रथिनातील ४०२ व्या स्थानी टायरोसीनऐवजी हिस्टिडीन आले, तर लगाम सैल पडतो आणि रक्षणकर्ती यंत्रणाच स्वतःच्या पेशींना इजा करू लागते. या तीन अभ्यासांपैकी एकात ९६ रुग्ण आणि ५० निरोगी व्यक्ती होत्या. आई आणि वडील या दोघांकडूनही हा बदल मिळालेल्यांत रोगाची शक्यता सुमारे ७.४ पट अधिक आढळली. पुढे दहाव्या गुणसूत्रावरही असाच एक प्रभावी भाग सापडला. २०१६ पर्यंत जनुकसंचातील ३४ ठिकाणी एकूण ५२ बदल नोंदविले गेले.

आनुवंशिकता हा शब्द ऐकताच आपण सावध होतो आणि ते योग्यच आहे. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्यासाठी हाच शब्द वापरला गेला. जातीचे आनुवंशिकतेच्या आधारे होणारे समर्थन बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात खोडून काढले. आजचे जनुकशास्त्रही निकाल देत नाही, शक्यता सांगते. सदोष जनुक असूनही अनेकांची दृष्टी शेवटपर्यंत शाबूत राहते आणि ते नसतानाही रोग होऊ शकतो. म्हणूनच या रोगासाठी सरसकट जनुक-तपासणी करू नये, असा अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला आहे. कोणी ती केलीच, तर २००८ च्या 'जिना' कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांबाबत संरक्षण दिले आहे. आयुर्विम्यास मात्र तो कायदा लागू नाही, हे ध्यानात असू द्यावे.

मग आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, धूम्रपान. जनुके बदलता येत नाहीत; विडी-सिगारेट सोडता येते आणि टाळता येण्याजोग्या कारणांत तेच सर्वांत मोठे आहे. दुसरी, पासष्टीनंतर दर एक-दोन वर्षांनी बाहुली विस्फारून तपासणी. तिसरी, एकेक डोळा झाकून चौकटींच्या कागदाकडे पाहणे. सरळ रेषा वाकड्या दिसल्या, तर विलंब न करता डॉक्टर गाठावा. रक्तवाहिन्या पाझरणाऱ्या ओल्या प्रकारावर डोळ्यात द्यावयाची प्रभावी इंजेक्शने २००६ पासून उपलब्ध आहेत. परंतु ती वेळेवर मिळावी लागतात. जीवनसत्त्वे आणि जस्त यांच्या विशिष्ट मिश्रणाने मध्यम अवस्थेतील रुग्णांत रोग बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटतो, असे नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या अभ्यासाने २००१ साली दाखविले. ज्यांना रोगच नाही, त्यांनी मात्र या गोळ्या घेण्याचे कारण नाही. सीएफएचच्या शोधाने ज्या यंत्रणेकडे बोट दाखविले, तिलाच आवर घालणारी दोन औषधे २०२३ साली येथे मान्य झाली. ती झीज मंदावतात. गेलेली दृष्टी परत देत नाहीत.

एक उणीव आपणच भरून काढावयाची आहे. २०१६ च्या त्या संशोधनातील मुख्य विश्लेषण युरोपीय वंशाच्या १६,१४४ रुग्णांवर आणि १७,८३२ निरोगी व्यक्तींवर आधारलेले होते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील संशोधकांनी २००६ साली भारतीय रुग्णांतही सीएफएचमधील हाच बदल रोगाशी निगडित असल्याचे दाखविले, ही समाधानाची बाब आहे. तरीही संशोधनात आपली माणसे थोडी आहेत आणि घरातील नोंदी त्याहून थोड्या.

म्हणून आमची विनंती एवढीच : यंदा गावी जाल, तेव्हा आत्या-मावश्यांना आणि काका-मामांना विचारा. कोणाची दृष्टी गेली, कोणत्या वयात गेली, मधले दिसेनासे झाले की कडेचे, मधुमेह होता काय, विडी ओढीत असत काय, हे सारे तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. आजीच्या रोगाचे नाव आम्हांला आता कधीच कळणार नाही. आपल्या नातवंडांनी मात्र त्या अर्जावरील रकाना कोरा सोडता कामा नये.